बत्तीस नंबरचा मुकादम

गर्जे मॅडमनी पहिल्याच तासाला लोखंडी तिवई टेबलावर अशी आपटली, की माझ्या शेजारी बसलेल्या अश्विनीचं पेन हातातून उडून पुढच्या बाकाखाली गेलं.

"कोणाकोणाला घरी मार बसतो? हात वर करा."

बीएस्सीचं शेवटचं वर्ष, मायक्रोबायोलॉजीला आम्ही एकोणीस जण. असला प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. पोरं फिसकन हसली. वैभवनं दोन्ही हात वर केले. "मॅडम, माझी आई लाटणं फेकते, पण नेम नाही तिचा." अश्विनी पेन शोधायला बाकाखाली वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

"बरं. कोणालाच न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मग ज्याला रोज बसतो त्याचं ऐका." त्यांनी फळ्यावर काकडीसारखं काहीतरी काढलं. "हा ई. कोलाय. आपल्या आतड्यातला. ह्याला शेपट्या हायेत, पण पळून पळून जाणार कुठं? टेस्ट ट्यूबच्या भाईर तर न्हाई. उकळतं पानी आलं, ॲसिड पडलं, उपास घडला, हा तिथंच. ना दार लावून घेता येत, ना कोणाला फोन करता येत. मग करतो काय?"

वैभव माझ्या वहीत डोकावला.

"आत काय वाचायचं ते बदलतो!" तिवई पुन्हा आपटली.

मॅडम तिसगावकडच्या. आई-बाप ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की सगळं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून श्रीगोंद्याकडं, शाळा अर्धी इथं, अर्धी कुठंच नाही. त्यामुळं त्यांची पेशी म्हणजे एक मोठं शिवार होतं. डीएनए म्हणजे जमीन. त्यात चारेक हजार फड, म्हणजे जीन. आरएनए पॉलिमरेज म्हणजे तोडणीची टोळी. जीन वाचून त्याची नक्कल उतरवायची हे टोळीचं काम. पण टोळीला स्वतःहून कळत नाही कुठल्या फडात घुसायचं. ते मुकादम सांगतो. त्या मुकादमाचं नाव सिग्मा.

"रोजचा मुकादम सत्तर नंबरचा. खानं, वाढनं, पोरं काढनं, सगळे रोजचे फड त्याच्याकडं. आन् एक हाय बत्तीस नंबरचा. हा रोज जन्मतो आन् मिनिटाभरात मारला जातो."

"का पण?" मी ओरडलेच.

"कारन त्याची गरज न्हाई. पेशीत दुरुस्तीवाले असत्यात. वाकड्या झालेल्या प्रोटीनला सरळ करनारे. त्यांचे हात रिकामे असले की बत्तीस नंबर दिसला रे दिसला, मानगूट धरायचं आन् चरकात घालायचं. पार चोथा. आता पानी तापवा. बेचाळीस डिग्री. आतली प्रोटीनं पिळवटली, एकमेकांत अडकली, नुसता राडा. दुरुस्तीवाले तिकडं पळाले. बत्तीस नंबरची मान सुटली! त्यानं टोळी पळवली आन् थेट दुसऱ्याच फडात घातली. तिथं काय निघतं? आनखी दुरुस्तीवाले."

"मग पेशी वाचते?"

"वाचती ना. आन् दुरुस्तीवाले मायंदाळ झाले, हात मोकळे झाले, की ते पहिलं काम काय करत्यात?" मॅडमनी स्वतःच्याच गळ्याला हात घातला आणि आवळला. डोळे मोठे केले. "ज्यानं वाचवलं त्यालाच."

बेल झाली. कोणी उठलं नाही. मला आजही ते सगळं पाठ आहे, पुस्तक न उघडता सांगते.

त्या दिसायला बुटक्या. ॲप्रनला ॲसिडची भोकं. डावा कान पूर्ण गेलेला, म्हणून बोलताना मान कोंबडीसारखी वळवायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या, म्हणजे ओरडायच्याच. जेवायच्या कॉरिडॉरमध्ये, उभ्यानं, भाकरी हातावर घेऊन. मी एकदा खुर्ची आणून दिली तर म्हणाल्या, "बसून खायला लागलं की कोनीतरी उठवतं. असू दे." मला त्यांनी नाव ठेवलं होतं घाईबाई. "घाईबाई, आधी लेबल लाव, मग तोंड चालव." सकाळी लॅबमध्ये आल्या की नमस्कार नाही, काही नाही. पहिला प्रश्न एकच, "मेलं का वाढलं?" म्हणजे काल ठेवलेल्या प्लेटांचं काय झालं.

कानाचं त्यांनी तोंडी परीक्षेत सांगितलं. वैभवला उत्तर येईना, तो घाबरून नुसता "हां, हां" करत होता. मॅडम म्हणाल्या, "घाबरतो कशाला? मी दहा वर्सांची असताना मोळी खाली टाकली म्हनून मुकादमानं वाढं, म्हंजे नुसता शेंडा न्हाई, अख्खा ऊस घातला कानावर. रक्त आलं, चिखल लावला, परत मोळी उचलली. आन् तुला साधा बॅसिलस सांगता येत न्हाई?" वैभव त्यानंतर अभ्यास करून यायला लागला. बॅसिलस नावाच्या त्या जंतूचंही मॅडमनीच शिकवलं. खायला संपलं की तो आत कवच बांधून झोपायची तयारी करतो, पण त्याच्या आधी शेजारच्या भावंडांवर विष सोडतो. ती फुटली की त्यांचंच खाऊन झोप पुढं ढकलतो. "सख्खी भावंडं," मॅडम म्हणाल्या. "एका पेशीपासून झालेली." हे सांगताना त्यांचा आवाज उलट बारीक झाला होता.

पण मॅडमचा खरा जीव एका प्रॅक्टिकलवर. दोन टेस्ट ट्यूब, दोन्हीत तेच बॅक्टेरिया. एक ट्यूब थेट पन्नास डिग्रीच्या पाण्यात. दुसरी आधी पंधरा मिनिटं बेचाळीसला, मग पन्नासला. नंतर दोन्हीतला थेंब थेंब प्लेटवर पसरायचा, एक रात्र ठेवायचा, दुसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे जगलेला एक जण. पहिल्या ट्यूबची प्लेट जवळपास कोरी येते. दुसरीत ठिपकेच ठिपके. मी आणि अश्विनी जोडीला होतो. मला तर नाचावंसं वाटत होतं.

वैभव म्हणाला, "मॅडम, म्हणजे आधी थोडा मार बसलेला चांगलाच की! माणूस तयार होतो."

मॅडमनी त्याच्या हातातली प्लेट हिसकावली आणि भिंतीवर मारली. खरंच मारली. काच फुटून फरशीवर सांडली.

"जगला म्हंजे बरा झाला का रं? हां? टोळी एकच हाय ना? ती सगळी जीव वाचवायच्या फडात घुसली तर वाढायच्या फडात कोन जानार? तुझा बाप? बघ जा ते वाढीचे आकडे. जगत्यात, पन वाढायचं थांबतं त्यांचं. नुसतं जगनं कोनाला मोठं वाटतं माहितीये का? जो मारतो ना, त्याला."

मग झाडू आणून स्वतःच काचा भरल्या, जंतुनाशक ओतलं, आणि वैभवला म्हणाल्या, "बोट बघू. कापलं न्हाई ना?"

त्या दिवशी अश्विनीनं हात धुताना ॲप्रनची बाही वर केली. दंडावर चार बोटं उठलेली, निळी-हिरवी. माझ्याकडं बघून तिनं बाही खाली ओढली. "दादा," एवढंच म्हणाली. तिचं लग्न ठरवत होते. तिला एमएस्सी करायची होती. तिचा मोठा भाऊ किरण त्याला "नाटकं" म्हणायचा. वडील गेल्यापासून घरात त्याचाच हात चालायचा. "कोणाला सांगू नको गं," अश्विनी म्हणाली. आणि मी, घाईबाई, अर्ध्या तासात मॅडमना सांगून मोकळी.

मॅडम त्याच संध्याकाळी स्कूटीवर तिच्या घरी गेल्या. अंगणात उभ्या राहून किरणला आख्ख्या वस्तीसमोर धुतला. "पुन्हा हात लावलास तर पोलीस घेऊन येईन, तुझी वरात काढीन." त्यांना वाटलं एक चटका बसला की गडी थंड होतो.

दुसऱ्या दिवशी अश्विनी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन लागेना. आठव्या दिवशी तिच्या वस्तीवरून येणाऱ्या एका पोरीनं सांगितलं, मॅडमची स्कूटी वळणाआड गेली न गेली तोच त्यानं बैलाच्या कासऱ्यानं मारलं. फोन दगडानं ठेचला. आता ती कोंडलेली आहे, आणि परीक्षेला पाठवणार नाहीत. परीक्षा बुडाली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की लगेच हळद.

मॅडमना हे मीच सांगितलं. मला वाटलं आता तिवई जाणार खिडकीतून. त्या स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"चटका त्याला द्यायला गेले," त्या म्हणाल्या, "आन् ट्यूबमधी ती हुती."

त्यानंतर त्या ओरडल्या नाहीत. रविवारी मी नेवाशाच्या बाजारात बघितलं, मॅडम मेथीच्या ढिगासमोर उकिडव्या बसल्या होत्या, आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली अश्विनीची आई. दोघी जुड्या निवडत होत्या, एकमेकींकडं न बघता. मॅडमचा आवाज इतका बारीक, की मला वाटलं त्यांना बरं नाही.

मी जवळ गेले तर अश्विनीची आई म्हणत होती, "बाई, पोरीला मी आनीन. देवाला जाते म्हनून आनीन. पन मंग म्होरं?"

"म्होरचं मी बघते. प्रॅक्टिकल दोन दिवसाचं हाय. तुमी फकस्त पहिल्या दिवशी गेटात सोडा."

"त्यो यील मागं."

"यील ना. यीलच. मावशी, तिला एवढंच सांगा, काय बी झालं तरी हातातलं काम सोडायचं न्हाई."

परीक्षेच्या दिवशी अश्विनी खरंच आली. पाठ ताठ करून चालत होती, ॲप्रन घालताना ओठ चावत होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, तपकिरी सफारीतले, कटकटीला घाबरणारे. चिठ्ठ्या टाकल्या. अश्विनीला नेमकं तेच निघालं, दोन ट्यूबवालं. मॅडमनी काही केलं का ते मला माहीत नाही. मी विचारलं पण नाही.

अश्विनीनं ट्यूब बेचाळीसच्या पाण्यात सोडली, घड्याळ लावलं. सात-आठ मिनिटं झाली असतील, तेवढ्यात कॉरिडॉरमधून शिव्या ऐकू आल्या.

परीक्षक उभे राहिले. "हे बघा मॅडम, इथं मारामारी झाली तर मी परीक्षा थांबवणार. बॅच रद्द करून रिपोर्ट पाठवणार. मला भानगड नको."

मॅडमनी मान वळवून ऐकलं. मग अश्विनीच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या, तोंड दाराकडं, दोन्ही हात पाठीमागं. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, घट्ट. मी मागं होते, मला दिसत होतं.

किरण आत आला. "ए मास्तरीन, सरक."

"परीक्षा चालू हाय. एक वाजता सुटंल."

"तुझ्या आयला, तू कोन सांगनार—" त्यानं कानाखाली मारली. एवढ्या मोठ्यानं वाजली, की बर्नरची ज्योत हलल्यासारखी वाटली. मॅडम हलल्या नाहीत.

परीक्षक ओरडले, "बंद करा! थांबवतो मी परीक्षा!"

"सर," मॅडम म्हणाल्या, त्यांच्याकडं न बघता, "मारामारीला दोघं लागत्यात. मी कुठं मारतेय?"

वैभव आणि आणखी तिघं पुढं धावले. "हात लावायचा न्हाई!" मॅडम अशा गरजल्या, की चौघं जागीच थिजले. "ज्यानं हात लावला त्याला नापास करीन. आपापल्या टेबलावर जा." मग तोच आवाज, पण मागं वळवलेला, "अश्विनी, घड्याळ बघ. किती झाली?"

"अकरा." अश्विनीनं घड्याळावरची नजर काढली नाही.

"मग चार ऱ्हायलीत."

किरणनं केस धरले. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मॅडम परत सरळ झाल्या. त्यानं लाकडी स्टँड उचलला, त्यातल्या रिकाम्या ट्यूब खळकन फुटल्या, आणि स्टँड कपाळावर बसला. भुवई उघडली. रक्त डोळ्यात, ॲप्रनवर, फरशीवर. त्यांच्या नखांनी त्यांचंच मनगट सोललं होतं. मला माहीत आहे, मॅडमनी ठरवलं असतं तर त्या पोराला आडवा केला असता. लहानपणापासून मोळ्या उचललेले हात ते. आम्ही बाकीचे अठरा जण बघत होतो, मी रडत होते, आणि लॅबमध्ये फक्त मारल्याचा आवाज.

"किती?"

"चौदा."

तेवढ्यात अश्विनीची आई गेटावरून पळत आली. तिनं किरणला धरलं नाही. लॅबच्या दारात, उंबऱ्यावर, आडवी पडली. किरणनं वळून बघितलं. आता पोरीला ओढून न्यायची तर आईवरून न्यावी लागणार. तो क्षणभर उभा राहिला, हातात स्टँडचा तुटका तुकडा. कॉलेजचे शिपाई मामा आणि दोन सर पळत येताना दिसले. त्यानं तुकडा फेकला आणि आईला ओलांडून निघून गेला.

"पंधरा," अश्विनी म्हणाली. तिनं ट्यूब उचलून पन्नासच्या पाण्यात ठेवली. एक थेंब सांडला नाही.

परीक्षक खाली बसले, रुमालानं तोंड पुसलं, आणि रिपोर्टसाठी काढलेला कागद घडी करून खिशात घातला.

मॅडम बेसिनवर वाकल्या. रक्तात एक दाढ पडली. मी पाणी ओतत होते. "त्याच कानावर बसली बघ," म्हणाल्या. "गेलेल्या. बरं झालं." आणि हसायला गेल्या तर ओठ फाटला.

संध्याकाळी भुवईला टाके घालून मॅडमनी पोलिसात तक्रार दिली. साक्षीदार म्हणून आम्ही सह्या केल्या, वैभवनं पहिली. अश्विनी मॅडमच्या खोलीवर राहिली. तिची आई मात्र घरी गेली. "मी न्हाई गेले तर त्यो हिकडं यील," म्हणाली, आणि पदर खोचून चालायला लागली.

मॅडम कॉलेजात कायम नव्हत्या, तासांवर नेमलेल्या. प्राचार्यांनी त्याच संध्याकाळी निरोप दिला, उद्यापासून लॅबमध्ये यायचं नाही, तुमच्यामुळं गोंधळ झाला. पुढच्या वर्षी त्यांना मुलाखतीलाच बोलावलं नाही. आता त्या कुठं शिकवतात, कोणी सांगतं बीड, कोणी सांगतं आणखी लांब. अश्विनी पुण्यात एमएस्सीला आहे. आईला आणायची तिची खटपट चालू आहे, केसच्या तारखा चालू आहेत. तिला विचारलं तर ती मॅडमबद्दल बोलत नाही, दुसरा विषय काढते. म्हणून मीच हे सगळं लिहायला घेतलं.

मॅडमना शेवटचं बघितलं ते परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी.

अश्विनी एकटी आत आली. प्लेटा काढल्या, पाठीमागून पेनानं एकेक ठिपका खूण करत मोजला. पहिल्या प्लेटवर तीन. दुसरीवर मोजता मोजता तिचं पेन संपलं, माझं दिलं. परीक्षकांनी विचारलं, "हे जे जगले, यांचं पुढं काय होतं?"

"लगेच वाढत नाहीत सर. वेळ घेतात." ती थांबली. "पण परत सदतीसला, नेहमीच्या उबेला आणून ठेवलं तर वाढतात."

त्यांनी मार्क लिहिले, आणि कागद तिला दिसेल असा ठेवला.

ती धावत बाहेर गेली, मी खिडकीपाशी. गेटाबाहेर मॅडम स्कूटीवर बसलेल्या, हेल्मेट घालून, काच खाली. हायवेच्या पलीकडं चहाच्या टपरीवर किरण आणि त्याचे दोन चुलते उभे होते. अश्विनीला ते दिसले आणि ती गेटातच थांबली. मॅडमनी मागच्या सीटवर थाप मारली. ती बसली.

मला वाटलं आता सुसाट नेतील. मॅडमनी गाडी हळूहळू रस्ता ओलांडून थेट त्यांच्यापुढं नेली आणि पाय टेकवला. मध्ये उसाची ट्रॉली आली. ती खडखडत गेली तोवर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. ट्रॉली सरली तेव्हा मॅडमनी हेल्मेट काढलेलं होतं. तो चेहरा आम्हीसुद्धा अजून उजेडात बघितला नव्हता. एक डोळा बंद, गाल वांग्यासारखा, टाक्यांचे काळे दोरे. तो त्यांनी तिघांसमोर तसाच धरला. चुलत्यानं चहाचा कप टपरीवर ठेवला. किरण एक पाऊल मागं सरला.

मग मॅडमनी हेल्मेट अश्विनीच्या डोक्यात घातलं, हनुवटीखाली बक्कल लावलं, नीट बसलंय का ते ओढून बघितलं, आणि उघड्या डोक्यानं गाडी नगरच्या दिशेला वळवली.